जत्रेत माणूस चुकलं तर? हौशी रेडिओची मदत

आपल्या घरचा रेडिओ नुसता बोलतो. हौशी रेडिओवाल्याचा, म्हणजे ‘हॅम’चा, संच ऐकतो अन् बोलतोही. मोबाईलचा मनोरा बंद पडला तरी मोटारीच्या बॅटरीवर तो चालतो.

पश्चिम बंगालात, गंगा समुद्राला मिळते तिथं, मकरसंक्रांतीला गंगासागरची जत्रा भरते. देशभरातून लाखो माणसं येतात. त्यात म्हातारी माणसं चुकतात. त्यांची भाषाही तिथं कुणाला कळत नाही. अशा वेळी पश्चिम बंगाल रेडिओ क्लबचे हॅम नाव-गाव विचारून घेतात, दुसऱ्या प्रांतांतल्या हॅमना कळवतात अन् घरच्यांचा शोध लावतात. मोबदला घेत नाहीत.

पण घाबरलेल्या आजीला गावच सांगता आलं नाही तर? म्हणून जत्रेला, वारीला निघताना एवढं करा : थोरांच्या अन् पोरांच्या खिशात नाव, गाव, तालुका, जिल्हा, घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, म्हणजे भिजणार नाही.

आपल्या पोरांनाही हॅम होता येतं. वयाची 12 वर्षं पुरी हवीत, केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते. परवाना हातात आल्याशिवाय मात्र संचावर बोलू नये. तो गुन्हा ठरतो.