ब्रेक झिजले, पण का झिजले?

आज मी तुमच्याशी गाडीच्या ब्रेकबद्दल बोलणार आहे. हसू नका. आता कितीतरी बचत गटांनी कर्ज काढून छोट्या व्हॅन घेतल्या आहेत. कुणी दूध नेतं, कुणी भाजी, कुणी शाळेची मुलं. हप्ता आपण भरतो, पण गॅरेजमध्ये गेलं की तिथला माणूस काय बोलतो ते आपल्याला कळत नाही आणि आपण मुकाट्याने पैसे देऊन येतो. आम्हीही तसंच केलं होतं.

आमचा गट पुरंदर तालुक्यातला. सीताफळ, अंजीर, वाटाणा, ज्याचा हंगाम असेल तो माल आम्ही पुण्याच्या मार्केट यार्डात नेतो. वाट दिवे घाटाची. जाताना माल भरलेला आणि घाट उताराचा. येताना गाडी रिकामी आणि चढ. गाडी आमच्याच गटातली एक ताई चालवते. रीतसर शिकून, लायसन काढून चालवते.

गाडी नवी असतानाच, नऊ हजार किलोमीटरला पुढचे ब्रेक पॅड संपले. सर्व्हिस सेंटर म्हणालं, वॉरंटीत बसत नाही. आम्ही पैसे भरले. चार महिन्यांत पुन्हा तेच. एका पहाटे घाट उतरताना जळका वास आला. ताईने गाडी बाजूला घेतली, तर पुढचं डावं चाक तापलेलं. गाडीत तिच्यासकट आम्ही तिघी होतो, मागे क्रेट भरलेले आणि पुढे वळण. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

या वेळी बिलाचा अंदाज आला ८६०० रुपयांचा. पॅड, दोन्ही डिस्क आणि मजुरी. वर सर्व्हिस सेंटरचा माणूस म्हणाला, "गाडी बाई चालवते ना? मग असंच होणार. बायका ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतात." ताई घरी आली आणि मला म्हणाली, "वहिनी, उद्यापासून दुसरा कुणी ड्रायव्हर बघा."

तेव्हा मात्र मी ठरवलं, आधी हे ब्रेक समजून घ्यायचे. गावातल्या जुन्या मेकॅनिककाकांकडे बसले. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला सांगते.

सायकलचा ब्रेक आठवा. रबराचे दोन तुकडे चाकाची रिम दोन्ही बाजूंनी धरतात. गाडीच्या पुढच्या चाकांतही तसंच असतं. चाकाबरोबर लोखंडी चकती फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी दोन पॅड चिमटतात. पॅड ज्यात बसतात तो चिमटा म्हणजे कॅलिपर. तो दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. बहुतेक छोट्या व्हॅनना मागच्या चाकांत ड्रम असतो आणि आतून लायनर दाबले जातात. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून पुढचे पॅड लवकर झिजतात.

पॅड झिजण्यासाठीच असतो. नवा साधारण १० मिलिमीटर जाड असतो. ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायचा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पुष्कळ पॅडना एक छोटी पट्टी असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून किर्र आवाज करते. तो आवाज आपल्याला बोलावत असतो. दुर्लक्ष केलं तर लोखंड लोखंडावर घासतं, डिस्कला चरे पडतात आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

आता वॉरंटी. वॉरंटी असते ती बनवण्यातल्या दोषासाठी. वापराने झिजणारे भाग, म्हणजे ब्रेक पॅड, लायनर, क्लच प्लेट, वायपरचं रबर, हे बहुतेक कंपन्या त्यातून वगळतात आणि पुस्तकात तसं छापतात. त्यामुळे "पॅड वॉरंटीत नाहीत" हे ऐकून भांडण्यात अर्थ नाही. पण कॅलिपर हा झिजणारा भाग नाही. पिन जाम होणं, पिस्टन अडकणं, हा दोष असू शकतो. त्या दोषामुळे पॅड लवकर गेले असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून विचारायचं ते "पॅड का नाही देत?" असं नाही. विचारायचं, "पॅड इतक्या लवकर का झिजले?"

याचं उत्तर चाक उघडलं की दिसतं. आपली चप्पल बघा. दोन्ही पायांची सारखी झिजली तर ती चालण्याने झिजली. एकच चप्पल एकाच बाजूने झिजली तर काहीतरी वाकडं आहे. ब्रेकचंही तसंच. डावे-उजवे पॅड सारखे झिजले असतील तर कारण वापरात आहे: जास्त माल, घाट, वेग, चालवण्याची पद्धत. एकाच चाकाचे, किंवा एकाच चाकातला आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा शाबूत, असं असेल तर बहुधा काहीतरी अडकलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी आणि ताई दोघी सर्व्हिस सेंटरला गेलो. म्हटलं, दोन्ही चाकं आमच्यासमोर उघडा. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड निम्मे शिल्लक. डाव्या चाकाचा बाहेरचा निम्मा शिल्लक आणि आतला पार लोखंडापर्यंत गेलेला. सुपरवायझर म्हणाला, "ओव्हरलोड होतंय, ताई." मी विचारलं, "भार तर दोन्ही चाकांवर पडतो. मग डाव्यातला आतलाच का गेला? आणि हिचा पाय ब्रेकवर असतो म्हणता, तर पाय काय एकाच चाकाला दाबतो का?" तो गप्प झाला. पिन हलवून बघितली तर ती जाम होती.

मी हे सगळं जॉबकार्डवर लिहून मागितलं. तारीख, किलोमीटर, चारही पॅडची जाडी, जाम पिन. मोबाइलवर फोटो काढले आणि जुने पॅड परत मागून घेतले. मग कंपनीला लेखी अर्ज दिला. तीन आठवडे लागले. शेवटी डावा कॅलिपर आणि डिस्क वॉरंटीत मिळाली. उजवी डिस्क चांगलीच होती, ती बदलायची गरज नव्हती. पॅड आणि त्याची मजुरी आम्ही भरली, २३०० रुपये. ती आमचीच होती.

आता आमची चूकही सांगते. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं एकूण वजन लिहिलेलं असतं. एकातून दुसरं वजा करा. उरतं त्यात माल, माणसं, सगळं आलं. आमची वजाबाकी आली साधारण ६०० किलो. आणि आम्ही भरत होतो २० किलोचे ३० क्रेट, म्हणजे तिथेच ६०० किलो, वर आम्ही तिघी! त्याने उजवे पॅडही लवकरच झिजत होते. शिवाय जादा भार भरला की कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं. आता आम्ही २० क्रेट नेतो.

घाटाचीही रीत बदलली. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. उतारावर न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून डिझेल-पेट्रोल वाचवायला जाऊ नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत थोड्याच वेळात संपते आणि पेडल दगडासारखं कडक होतं. वेग दुप्पट झाला तर थांबवताना ब्रेकवर चौपट ताप येतो, हेही लक्षात ठेवा.

घरच्या घरी एवढं बघा. सपाट रस्त्यावरून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल, किंवा एकाच चाकावर काळी भुकटी जास्त असेल, तर दाखवून घ्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका. ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू खाली गेली तर नुसतं ऑइल भरू नका, पॅड तपासा. एकदम खाली गेली तर गळती असेल, मग गाडी चालवूच नका.

आणि ऐकलंच नाही तर? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची. वस्तूची किंवा सेवेची दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. समोरचा म्हणेल, ही धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहकच नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू कायदा व्यापारी कारणात धरत नाही. गाडी गटाच्या नावावर असेल तर हा वाद निघू शकतो. म्हणून गटाचे ठराव, कोण गाडी चालवतं, पैसे कसे वाटले, याच्या नोंदी नीट ठेवा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत गाडीची एक फाइल करा. आरसीची प्रत, वॉरंटीचं पुस्तक, प्रत्येक सर्व्हिसचं बिल आणि जॉबकार्ड त्यात लावा. प्रत्येक सर्व्हिसला पॅडची जाडी लिहून घ्या. आणि गाडी कामाला दिली की चालवणाऱ्या बाईला बरोबर न्या, तिला चाक उघडून बघू द्या.

आमची ताई? तिने किल्ली परत घेतली. परवा सर्व्हिसला तीच गेली होती, एकटी. येताना चारही चाकांचे आकडे लिहून घेऊन आली.