मोंबासाचा किल्ला, माराची कुरणे

केनियाच्या सहलीचे नाव निघाले की डोळ्यांपुढे सिंह उभा राहतो. सिंह तेथे आहेतच; परंतु व्यापारी घराण्यांनी हा देश समुद्राच्या बाजूने पाहावयास घ्यावा. मोंबासाशी आपला संबंध पर्यटनाहून पुष्कळ जुना आहे, आणि तो सर्वस्वी अभिमानाचा नाही.

बंदराच्या मुखाशी पोर्तुगीजांनी १५९३ ते १५९६ या काळात प्रवाळाच्या दगडांत फोर्ट जीझस हा किल्ला बांधला. १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी त्यास वेढा घातला. किल्ला पडला तो १६९८ च्या अखेरीस. वेढ्यातील शिबंदीच्या मदतीस गोव्याहून धाडलेले एक लढाऊ जहाज १६९७ मध्ये किल्ल्यासमोरच बुडाले. ते बांधले होते वसईस, आणि त्याचे नाव ‘सांतो आंतोनियो द तान्ना’. तान्ना म्हणजे आपले ठाणे. १९७० च्या दशकात पाणबुड्यांनी वर काढलेल्या त्यातील वस्तू किल्ल्याच्या संग्रहालयात आहेत. मार्गदर्शक हे आपणहून क्वचितच सांगतात; विचारून घ्यावे.

किल्ल्यामागे जुने शहर पसरले आहे. अरुंद गल्ल्या, नक्षीदार दारे, लाकडी सज्जे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हालार प्रांतातील ओसवाल कुटुंबे या बंदरी उतरली, आणि त्यांच्या वंशजांनी उभारलेले संगमरवरी देरासर आज शहराचे भूषण मानले जाते. त्याच शतकात या किनाऱ्यावरून हस्तिदंतही जात असे. त्याचा मोठा भाग झांजिबारमार्गे मुंबई व कच्छकडे येई, आणि त्याचे चुडे वधूंच्या हाती चढत. या उलाढालीत हिंदी पेढ्यांचे भांडवल होते. कोणत्या पेढीने काय घेतले हा हिशेब आता मांडता येणार नाही. पण तो माल बहुतांशी हत्ती मारूनच मिळे, हे खरेदी करणाऱ्यांस ठाऊक नसेल असे कसे म्हणावे?

केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. १९८९ मध्ये नैरोबीत तत्कालीन राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी १२ टन हस्तिदंतास अग्नी दिला, आणि २०१६ मध्ये १०५ टन जाळण्यात आले. विकला असता तर कोट्यवधींचा ठरला असता असा साठा बाजारच मोडण्यासाठी जाळणे, याचा अर्थ व्यापाऱ्यास समजावून सांगावा लागत नाही.

मोंबासाहून नैरोबीस विमानाने जाऊ नये. २०१७ मध्ये सुरू झालेली नवी रेल्वे त्सावोच्या अरण्यातून जाते. प्राण्यांना पलीकडे जाता यावे म्हणून रुळांखाली भुयारी वाटा ठेवलेल्या आहेत. नशीब असेल तर लाल मातीत न्हालेले हत्ती खिडकीतूनच दिसतात.

मसाई माराचा प्रश्न निराळा आहे. दहा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट सेरेंगेटीतून माराकडे येतात ते जुलै ते ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नेमके आपल्या चातुर्मासात. पर्युषणही त्यातच येते. नियम पाळणाऱ्या कुटुंबांनी त्यामुळे हळहळण्याचे कारण नाही. सिंह, हत्ती, जिराफ मारात बारमाही असतात. शिवाय फेब्रुवारीत टांझानियातील दक्षिण सेरेंगेटीच्या कुरणांवर याच कळपांची लाखो वासरे जन्मतात. मगरींनी भरलेल्या नदीपात्रातील झुंज पाहण्यापेक्षा, जन्मताच काही मिनिटांत उभे राहणारे वासरू पाहणे अनेकांच्या मनास अधिक मानवेल.

जेवणाचे आधी ठरवावे. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर साडेसहा ते सातच्या दरम्यान मावळतो, आणि अरण्यातील संध्याकाळची फेरीही त्याच सुमारास संपते. चौविहार असणाऱ्यांनी फेरी लवकर सुरू करून परतावे, किंवा जेवणाचा डबा बरोबर मागून घ्यावा. ‘शाकाहारी’ एवढेच सांगितल्यास ताटात बटाटा हमखास येतो. कंदमुळे, कांदा, लसूण नको हे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी. तिचे प्रमाणपत्र परतताना मुंबईच्या विमानतळावर मागितले जाते, म्हणून ते सामानात न टाकता पासपोर्टबरोबर ठेवावे.