सतरा दशलक्ष पत्रांचा ढीग

अमेरिकी सैन्याची ६८८८वी सेंट्रल पोस्टल डिरेक्टरी बटालियन ही दुसऱ्या महायुद्धात युरोपात गेलेली कृष्णवर्णीय स्त्रियांची सर्वांत मोठी तुकडी. मेजर चॅरिटी ॲडम्स तिच्या प्रमुख होत्या आणि तुकडीत एकूण ८५५ जणी होत्या.

फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांचा पहिला गट इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला पोहोचला, तेव्हा गोदामांत सैनिकांसाठीची सुमारे १.७ कोटी पत्रे-पार्सले तुंबलेली होती. थंडीने गारठलेल्या इमारती, ब्लॅकआउटसाठी काळ्या केलेल्या खिडक्या, खाऊच्या पार्सलांवर उंदीर. सैनिक सतत जागा बदलत, त्यामुळे पत्ते जुने झालेले. त्यात एकाच नावाचे हजारो जण! या स्त्रियांनी सुमारे ७० लाख माहितीकार्डे तयार केली आणि सैनिक क्रमांकावरून माणूस शोधला. तीन पाळ्यांत, अहोरात्र. दर पाळीत सुमारे ६५,००० पत्रे मार्गी लागत. सहा महिन्यांचे काम तीन महिन्यांत उरकले.

राहणे-जेवणे मात्र गोऱ्यांपासून वेगळे. वंशद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या सैन्याचीच ही रीत.

पुढे फ्रान्समधल्या रूआँ आणि पॅरिसमध्येही त्यांनी हेच काम केले. १९४६ मध्ये तुकडी कोणत्याही समारंभाविना विसर्जित झाली. तिला अमेरिकी काँग्रेसचे (संसदेचे) सुवर्णपदक देणारा कायदा झाला तो थेट २०२२ मध्ये.