कर्नल अपडेट झाला आणि वायफाय गेलं? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

"दादा, वायफाय मेलं. चिन्हच दिसत नाहीये. उद्या सकाळी दहाला प्रोजेक्ट अपलोड करायचाय."

रात्री साडेअकराला सांगलीहून माझ्या मावसभावाचा फोन. त्याच्याकडे सेकंडहँड लॅपटॉप आहे आणि त्यावर उबंटू २२.०४. संध्याकाळी त्याने साठलेली सगळी अपडेट्स एका झटक्यात टाकली, रीस्टार्ट केलं, आणि वायफाय गायब. कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "कार्ड उडालं असेल, नाहीतर फॉरमॅट मारावा लागेल." हा पठ्ठ्या पेनड्राइव्ह लावून फॉरमॅट मारायला बसलासुद्धा होता. आणि प्रोजेक्टची एकमेव कॉपी? त्याच लॅपटॉपवर.

त्याला म्हटलं, आधी पेनड्राइव्ह काढ. मग लॅपटॉप बंद करून चालू कर, आणि सुरू होताना एस्केपचं बटण दाब. काही लॅपटॉपवर शिफ्ट दाबून धरावं लागतं. काळ्या पडद्यावर ग्रब नावाचा मेनू आला. त्यात 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये दोन कर्नल दिसत होते, ६.८ आणि ६.५. त्याने ६.५ निवडला. दोन मिनिटांत वायफाय परत आलं आणि प्रोजेक्ट रात्रीच अपलोड झाला.

कार्ड उडालं नव्हतं, काही डिलीटही झालं नव्हतं. मग झालं काय होतं?

कर्नल बदलतो, पण त्याचं सामान?

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळ्यात आतला भाग. अॅपला मेमरी देणं, प्रोसेसरचा वेळ वाटून देणं, वायफाय, टच, कॅमेरा, डिस्क यांच्याशी बोलणं ही सगळी त्याची कामं. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नल आज उबंटूमध्ये आहे आणि तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही आहे.

जगात हार्डवेअर हजारो प्रकारचं. प्रत्येकाचा ड्रायव्हर कायम मेमरीत भरून ठेवला तर सगळा कारभार जड होईल. म्हणून बरेचसे ड्रायव्हर वेगळ्या फाइल्समध्ये असतात आणि लागेल तेव्हाच आत घेतले जातात. त्यांना कर्नल मॉड्यूल म्हणतात. ब्लूटूथ डोंगल लावलात की त्याचं मॉड्यूल आपोआप लोड होतं, तुम्हाला कळतही नाही.

खरी मेख पुढे आहे. उबंटूमध्ये नवा कर्नल आला की तो जुन्याच्या जागी नाही, जुन्याच्या शेजारी बसतो. आणि प्रत्येक कर्नलचं मॉड्यूल्सचं फोल्डर स्वतंत्र असतं. 'लिब'मध्ये 'मॉड्यूल्स', त्यात ६.५ चं एक आणि ६.८ चं एक. ६.८ वर लॅपटॉप सुरू केला तर तो ६.५ च्या फोल्डरकडे ढुंकूनही बघत नाही. कर्नलसोबत आलेली मॉड्यूल्स नव्या फोल्डरमध्ये आपोआप येतात. बाहेरून आणून टाकलेलं मॉड्यूल मात्र जुन्या फोल्डरमध्येच राहतं.

आता कबुली. त्या लॅपटॉपच्या वायफाय कार्डचा ड्रायव्हर लिनक्समध्ये नव्हता, म्हणून मे महिन्यात मीच इंटरनेटवरून त्याचा सोर्स कोड उतरवून, कंपाइल करून टाकून दिला होता. तोही घाईत, फक्त तेव्हा चालू असलेल्या कर्नलसाठी. वर भावाचा डेटा संपतो म्हणून आपोआप होणारी अपडेट्सही मीच बंद केली होती. म्हणजे आरोपी घरातलाच.

'जुनी फाइल कॉपी केली तर?'

दुसऱ्या दिवशी भावाने विचारलेला हा प्रश्न एकदम रास्त होता. फाइल जुन्या फोल्डरमध्ये आहे, नव्यात टाकू की. आम्ही मुद्दाम करून बघितलं. मॉड्यूल लोड झालं नाही, 'एक्झेक फॉरमॅट एरर' असा संदेश आला.

प्रत्येक मॉड्यूलच्या आत ते कुठल्या कर्नलसाठी बनवलंय याची एक ओळ कोरलेली असते. तिला व्हरमॅजिक म्हणतात. कर्नल ती ओळ स्वतःशी ताडून बघतो आणि जुळली नाही तर मॉड्यूलला दारातूनच परत पाठवतो. जबरदस्तीने आत घुसवायचा पर्यायही असतो, पण तो वापरू नका. मॉड्यूल कर्नलच्या आत, पूर्ण अधिकारांनी चालतं. अॅप चुकलं तर अॅप बंद पडतं, मॉड्यूल चुकलं तर अख्खी मशीन लटकू शकते.

मग कर्नल बदलला तरी क्रोम आणि व्हीएलसी कसे बिनधास्त चालतात? कारण अॅप्सना दिलेला शब्द मोडायचा नाही, यावर टोरवाल्ड्स फार कडक आहेत. पण कर्नलच्या आतल्या फंक्शन्सबद्दल असा कुठलाच शब्द दिलेला नाही. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि आतली रचना हवी तशी बदलली जाते. जे ड्रायव्हर कर्नलच्या सोर्समध्येच असतात, ते बदल करणारेच सोबत दुरुस्त करतात. बाहेरच्या ड्रायव्हरने आपलं आपण बघायचं.

याचा पुरावा आम्हाला लगेच मिळाला. ६.८ वर वायफाय नव्हतं, म्हणून भावाने फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं आणि नेट लगेच सुरू झालं. टेदरिंगलाही मॉड्यूल लागतंच, पण ते कर्नलच्या सोबतच येतं. लिनक्स लॅपटॉपवर वायफाय गेलं की पहिला आधार म्हणजे खिशातला फोन, हे लक्षात ठेवा.

शोधायचं कसं

टर्मिनल उघडा. पहिली कमांड यूनेम: यू-एन-ए-एम-ई, स्पेस, डॅश, आर. आत्ता कुठला कर्नल चालू आहे ते ही सांगते. हसू नका, अपडेट केलं पण रीस्टार्टच केलं नाही, किंवा मेनूतून जुनाच कर्नल निवडला गेला, असं मी अनुभवी लोकांचंही झालेलं बघितलंय.

मग एलएसपीसीआय, त्याला डॅश के जोडून. यात लॅपटॉपच्या आतली कार्डं दिसतात आणि प्रत्येकाखाली कुठला ड्रायव्हर वापरात आहे त्याची ओळ असते. आमच्या यादीत वायफाय कार्डाचं नाव होतं, पण ड्रायव्हरची ओळच नव्हती. म्हणजे हार्डवेअर जिवंत आहे, फक्त त्याच्याशी बोलणारं कोणी नाही. दुकानदाराचं 'कार्ड उडालं' इथेच निकालात निघालं. यूएसबीवरचं डोंगल असेल तर ते या यादीत येत नाही, त्यासाठी एलएसयूएसबी.

यानंतर मॉडप्रोब ही कमांड सुडोसोबत द्या आणि पुढे मॉड्यूलचं नाव. ही कमांड त्या मॉड्यूलला लागणारी इतर मॉड्यूल्सही शोधून आधी लोड करते. इन्समॉड ते करत नाही, म्हणून मी इन्समॉडच्या नादी लागत नाही. मॉडप्रोब गप्प राहिली तर काम झालं. बोलली तर ती काय बोलते ते नीट वाचा. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीतली हीच सर्वात महत्त्वाची पायरी आहे आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात. लाल अक्षरं दिसली की थेट फॉरमॅट.

'नॉट फाउंड' म्हणजे या कर्नलच्या फोल्डरमध्ये ते मॉड्यूल नाहीच. आमचं हेच होतं. 'एक्झेक फॉरमॅट एरर' बहुतेकदा दुसऱ्या कर्नलसाठी बनलेल्या मॉड्यूलसाठी येतो. 'अननोन सिंबॉल' आलं तर मॉड्यूलला हवं असलेलं एखादं फंक्शन कर्नलमध्ये सापडत नाहीये: एकतर त्याचं जोडीदार मॉड्यूल लोड नाही, किंवा ते फंक्शन नव्या कर्नलमधून गेलंय. आणि 'की वॉज रिजेक्टेड' हा प्रकार सिक्युअर बूट चालू असलेल्या लॅपटॉपवर होतो. मॉड्यूल बरोबर आहे, पण त्यावर कर्नलला मान्य अशी डिजिटल सही नाही. अशा वेळी उबंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. लोक घाबरून तो पडदा तसाच पुढे ढकलतात आणि मग ड्रायव्हर चालत नाही म्हणून डोकं धरतात.

संदेश तोकडा वाटला तर डी-एम-ई-एस-जी ही कमांड सुडोसोबत चालवा. ही कर्नलची रोजची डायरी. शेवटच्या वीस-तीस ओळींत खरं कारण बहुधा लिहिलेलं असतं.

आम्ही जुना सोर्स ६.८ वर पुन्हा कंपाइल करायला घेतला, तर तो अडकला, कारण कर्नलच्या आतलं काहीतरी बदललं होतं. त्याच प्रोजेक्टचा ताजा सोर्स टेदरिंगवरून उतरवला, तो नीट बनला. या वेळी शॉर्टकट न मारता डीकेएमएस वापरलं. हे साधन ड्रायव्हरचा सोर्स सांभाळून ठेवतं आणि नवा कर्नल आला की मॉड्यूल त्याच्यासाठी पुन्हा बनवतं. त्याला त्या कर्नलच्या हेडर फाइल्स मात्र लागतात, त्या नसतील तर तेही हात वर करतं. आता प्रत्येक कर्नल अपडेटनंतर, रीस्टार्टच्या आधी, भाऊ 'डीकेएमएस स्टेटस' बघतो. नव्या कर्नलच्या नावासमोर 'इन्स्टॉल्ड' दिसलं तरच रीस्टार्ट.

आणखी एक, जुने कर्नल 'जागा खातात' म्हणून सगळेच्या सगळे उडवू नका. किमान एक चालणारा जुना कर्नल ठेवा. पण 'बूट'चं वेगळं छोटं पार्टिशन असेल तर ते भरत नाहीये ना, तेही बघत जा. जागा संपली तर नवा कर्नल अर्धवट बसतो.

आणि फोनचं काय?

सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी', मग अँड्रॉइड आवृत्ती उघडा. तिथे कर्नल आवृत्ती दिसेल, उदाहरणार्थ ५.१०, ५.१५ किंवा ६.१ ने सुरू होणारी. पुढे 'अँड्रॉइड१२' किंवा 'अँड्रॉइड१३' असं काही असेल तर गोंधळू नका. ती तुमच्या फोनची अँड्रॉइड आवृत्ती नाही, तो कर्नल कुठल्या शाखेतला आहे त्याचं नाव आहे. फोनला नवं अँड्रॉइड मिळालं तरी कर्नलची मुख्य आवृत्ती बहुतेक वेळा तीच राहते. कारण तेच, कॅमेरा, टच, मोडेम यांची मॉड्यूल्स जुन्या कर्नलसाठी बनलेली असतात.

हा गुंता सोडवायला गुगलने सगळ्यांसाठी एकच सामायिक कर्नल आणला, जीकेआय नावाचा. अँड्रॉइड १२ आणि ५.१० कर्नलसह बाजारात आलेल्या फोनपासून तो लागू झाला. यात कर्नल सामायिक, आणि चिप व फोन कंपन्यांचे ड्रायव्हर वेगळ्या मॉड्यूल्समध्ये. दोघांमधली जोडणी त्या शाखेपुरती स्थिर ठेवली जाते. लिनक्सने न दिलेला शब्द अँड्रॉइडने मर्यादित स्वरूपात दिला, असं म्हणा.

आता व्हिडिओ बघून 'गेमिंग कर्नल' टाकणाऱ्यांसाठी. टाकल्यावर टच चालेना, वायफाय चालू होईना, आवाज गेला, अशा तक्रारी खूप येतात. दर वेळी नाही, पण अनेकदा कारण आमच्यासारखंच असतं: कर्नल एका आवृत्तीचा, मॉड्यूल्स दुसऱ्या. फरक एवढाच की फोनवर जुना कर्नल निवडायला ग्रबसारखा मेनू नसतो. म्हणून काहीही टाकण्याआधी, तुमच्या फोनवर आत्ता असलेल्या नेमक्या बिल्ड नंबरची मूळ बूट इमेज कॉम्प्युटरवर काढून ठेवा. मागचापुढचा बिल्ड चालणार नाही. फोन अडकला तर फास्टबूटमधून तीच परत टाकायची असते.

बूटलोडर अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो आणि त्यानंतर अनेक बँकिंग अॅप्स चालायला नकार देतात, हे त्या व्हिडिओंमध्ये शेवटच्या दहा सेकंदांत सांगतात. रोजचं यूपीआय ज्या फोनवर चालतं, त्यावर हा प्रयोग मी तरी करणार नाही. घरात कपाटात पडलेला जुना फोन असेल तर त्यावर खुशाल करा.