अंगठाबहाद्दरांचं इंटरनेट

फेब्रुवारी २०१०. छत्तीसगडमध्ये एक अजब पोर्टल सुरू झालं: त्याला पडदाच नव्हता! नाव सीजीनेट स्वर. बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशू चौधरी यांची ही करामत. साध्या बटणांच्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन आला की बातमी सांगायला १ दाबायचं, ऐकायला २. ना पासवर्ड, ना कॅप्चा, ना ‘कुकीज स्वीकारा’. हातपंप बंद आहे, शिक्षक येत नाहीत, मजुरी थकली आहे, अशा तक्रारी लोक आपल्या बोलीत, गोंडीतसुद्धा, नोंदवू लागले. पुढे याच चमूने ‘बुल्टू रेडिओ’ काढला. बुल्टू म्हणजे आपलं ब्लूटूथ. नेट नाही? हरकत नाही, फोनला फोन भिडवा आणि कार्यक्रम घ्या. २०१४ साली शुभ्रांशूंना ‘इंडेक्स ऑन सेन्सॉरशिप’ संस्थेचा डिजिटल पुरस्कार मिळाला, तेव्हा नामांकनांच्या यादीत एडवर्ड स्नोडेनही होते!

गंमत म्हणजे ‘स्वर’ सुरू झालं त्याच वर्षी, मे २०१० मध्ये, अमेरिकेत ईथन मार्कोट यांनी एक लेख लिहिला. पडद्याच्या रुंदीप्रमाणे पानाने स्वतःच आपली मांडणी बदलावी, ही कल्पना त्यात होती. आज ‘रिस्पॉन्सिव्ह डिझाइन’ म्हणतात ते हेच. तिकडे पान लवचिक होत होतं, इकडे छत्तीसगडने पानच वगळलं होतं.

फोनची थाप

रिस्पॉन्सिव्ह डिझाइनच्या आधी काय चालायचं? २००७ चा पहिला आयफोन वेबसाइटला चक्क थाप मारायचा. स्वतःची रुंदी ३२० पिक्सेल, सांगायचा ९८०! पानं कॉम्प्युटरसाठी बनलेली. खरं सांगितलं असतं तर त्यांची मोडतोड झाली असती. मग अख्खं पान आक्रसून हजर, नऊवारी रुमालाच्या घडीत कोंबावी तसं. वाचायला दोनदा टिचकी मारा. या सोयीची किंमत अशी, की एक टिचकी पडली तरी दुसरी येतेय का हे पाहायला ब्राउझर साधारण ३०० मिलिसेकंद थांबायचा. लोक फोनला मंद म्हणून शिव्या द्यायचे, आणि तो बिचारा आपल्याच पुढच्या टिचकीची वाट पाहत असायचा. खरी रुंदी वापरायला सांगणारी ओळ आजही पानाच्या कोडमध्ये लिहावी लागते. ती राहिली, की अक्षरं मुंगीएवढी.

गूगलने २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवरच्या शोधात फोनला न जमणाऱ्या पानांना मागे ढकलायला सुरुवात केली. वेबवाल्यांनी त्या दिवसाचं नाव ठेवलं ‘मोबाइलगेडन’, म्हणजे मोबाइलप्रलय. जग बुडालं नाही, पण डिझायनरांची झोप उडाली.

अंगठ्याची सत्ता

स्टीव्हन हूबर या संशोधकाने २०१३ मध्ये रस्त्यावर, बसमध्ये, विमानतळावर मिळून १,३३३ फोनवाल्यांचं निरीक्षण केलं. पडद्याला बोट लावणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन हाताळत होते. म्हणजे सगळी मदार अंगठ्यावर! म्हणून बटण किती मोठं हवं, याचीही मापं ठरली: अ‍ॅपल म्हणतं ४४ पॉइंट, अँड्रॉइड म्हणतं (त्यांच्या एककात) ४८. तरीही ‘रद्द करा’ आणि ‘पैसे भरा’ शेजारी-शेजारी ठेवणारे महाभाग आहेतच.

मेन्यूच्या त्या तीन आडव्या रेघा मोबाइलच्या वाटतात ना? त्या नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्सच्या ‘स्टार’ कॉम्प्युटरसाठी काढल्या. साल १९८१!

देवनागरी जरा जड

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आजीने नागपूरच्या नातवाला मराठीत एसएमएस केला, तर एका संदेशात ७० अक्षरचिन्हं मावतात, रोमनमध्ये १६०. वेबपानांच्या नेहमीच्या हिशोबात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे ‘नमस्कार’ २१ बाइटचा. शिवाय वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे ओळींत जास्त मोकळी जागा हवी. इंग्रजीचं माप जसंच्या तसं लावलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना धडकतात. आणि फोन नंबर ९८… असा मराठी आकड्यांत टाकून बघा. बरेच फॉर्म ‘नंबर चुकीचा आहे’ म्हणून फटकारतात, कारण तपासणाऱ्या कोडला फक्त रोमन आकडे माहीत!

टायपिंगवर मात्र आयआयटी मुंबईने झकास उपाय काढला: ‘स्वरचक्र’. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती क, का, कि, की असं बाराखडीचं चाक उघडतं. प्राध्यापक अनिरुद्ध जोशी यांच्या चमूचं हे काम. बाराखडी पाठ असलेल्याला वेगळं काही शिकावं लागत नाही.

पन्नास लाख फोन, आणि मग?

२०१८ मध्ये छत्तीसगड सरकारने ‘संचार क्रांती योजना’ आणली: सुमारे ५० लाख लोकांना फुकट स्मार्टफोन द्यायचे, मुख्यतः महिला आणि विद्यार्थ्यांना. वर्षअखेरीस सरकार बदललं आणि वाटप थांबलं. पण फोन हातात पडला म्हणजे सरकारी पान वाचता येईलच असं नाही. राज्याच्या जमिनीच्या नोंदी ‘भुइयां’ पोर्टलवर आहेत. खसरा, बी-१ म्हणजे लांबलचक तक्ते, आपल्या सातबाऱ्याचे भाऊबंद. आडवे तक्ते हा मोबाइल डिझाइनमधला सगळ्यात चिवट प्रश्न. प्रत्येक ओळीचं वेगळं कार्ड करा, किंवा पहिला रकाना जागेवर ठेवून बाकीचे सरकू द्या, असे उपाय आहेत. पण अनेकांचा उपाय त्याहून सोपा: ‘च्वाइस सेंटर’ या नागरिक सेवाकेंद्रावर जायचं आणि प्रिंट काढून आणायची.

आणि भाषेचं काय? गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख, आपल्या गडचिरोलीतलेही त्यात आले. त्यांच्यासाठीही २०२५ मध्ये केंद्र सरकारने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं अ‍ॅप आणलं. घडवणाऱ्यांत नवा रायपूरची ट्रिपल आयटीही आहे. लिहिता येत नसेल तर बोला, अ‍ॅप ऐकून घेतं.