सुई टोचणाऱ्यांची शाळा

अॅक्युपंक्चर शिकायचे म्हणजे शरीरावरचे तीनशे-साडेतीनशे बिंदू पाठ करायचे आणि हात हलका ठेवून सुया टोचायच्या, असा बहुतेकांचा समज असतो. एकदा परीक्षा झाली, दारावर पाटी लागली की शिक्षण संपले! पण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तसे चालत नाही. तेथे परवाना मिळालेल्या प्रत्येक अॅक्युपंक्चर चिकित्सकाला दर दोन वर्षांनी ५० तासांचे शिक्षण घ्यावेच लागते. मग तो कालच पदवी घेऊन बाहेर पडलेला असो, की तीस वर्षे सुया टोचून केस पांढरे झालेला असो. तास भरले नाहीत तर परवान्याचे नूतनीकरण अडते.

या तासांमध्ये काय शिकायचे, याचेही नियम आहेत. दवाखाना कसा चालवावा, हिशेब कसे ठेवावेत, स्वतःच्या तब्येतीसाठी ताई-ची किंवा श्वसनाचे व्यायाम कसे करावेत, असल्या विषयांचे ५० पैकी फार तर ५ तास धरले जातात. बाकीचे शिक्षण रुग्णाच्या उपयोगाचे असले पाहिजे. चिकित्सकाचे मन शांत झाले तर रुग्णाचाही फायदाच होतो, असे कोणी म्हणेल. पण सरकारला ते पटलेले दिसत नाही.

जुनाट दुखणी आणि कामावर जखमी झालेले कामगार यांच्यावर जे उपचार करतात, त्यांना या तासांत शिकण्यासारखे पुष्कळ असते. आणि त्यातला मोठा भाग सुईचा नसून कागदाचा आणि पेनाचा असतो.

पेकिंगहून आलेली बातमी

अमेरिकेत अॅक्युपंक्चरचा बोलबाला झाला तो १९७१ सालच्या एका आजारपणामुळे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे नामवंत पत्रकार जेम्स रेस्टन चीनमध्ये गेले असताना त्यांच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया पेकिंगच्या रुग्णालयात झाली. नंतर पोट फुगून त्रास होऊ लागला, तेव्हा तेथील डॉक्टरांनी त्यांना सुया टोचल्या. रेस्टन यांनी त्यावर लेख लिहिला आणि साऱ्या अमेरिकेत चर्चा सुरू झाली. त्यांची शस्त्रक्रियाच सुया टोचून झाली, अशी दंतकथा पुढे पसरली. ती मात्र खरी नाही. शस्त्रक्रिया नेहमीचे भुलीचे इंजेक्शन देऊनच झाली होती.

कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये कायदा करून या पद्धतीला मान्यता दिली. पुढे १९८८ च्या कायद्याने कामगार नुकसानभरपाईच्या योजनेत अॅक्युपंक्चर चिकित्सकांना ‘डॉक्टर’ या व्याख्येत बसवले. म्हणजे कामावर असताना पाठ धरली, मनगट निकामी झाले, तर कामगाराला त्यांच्याकडून उपचार घेता येऊ लागले आणि बिल मालकाच्या विमा कंपनीने भरायचे. एक अट मात्र घातली. कामगार किती टक्के अपंग झाला, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना दिला नाही. उपचारापुरते डॉक्टर, निकालापुरते नाहीत!

‘बरे वाटते’ म्हणजे काय?

गोदामात खोकी उचलणारा एखादा कामगार डोळ्यांसमोर आणा. कंबरेत चमक भरली, तीन महिने झाले तरी उतार नाही. सहा वेळा सुया टोचून झाल्यावर तो म्हणतो, “आता जरा बरे वाटते.” चिकित्सकही खूश होतो आणि अहवालात लिहितो, ‘रुग्णाला बरे वाटत आहे, आणखी सहा वेळा उपचार मिळावेत.’ कागद विमा कंपनीच्या तपासणी विभागात जातो. असल्या एका ओळीच्या जोरावर पुढचे उपचार मंजूर होणे अवघड असते.

यात कोणाला निर्दयपणा दिसेल. पण नियमच तसा आहे. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये अॅक्युपंक्चरसाठी जे निकष लावले, त्यांत असे धरले होते की ३ ते ६ वेळा उपचार केल्यावर फरक दिसला पाहिजे, आठवड्यातून १ ते ३ वेळा उपचार व्हावेत आणि एकूण काळ १ ते २ महिन्यांचा असावा. त्यापुढे जायचे असेल तर रुग्णाच्या कार्यक्षमतेत सुधारणा झाल्याची नोंद हवी. आणि सुधारणा म्हणजे काय, तेही स्पष्ट केले. एकतर रोजच्या व्यवहारात लक्षात येण्याजोगा फरक पडला पाहिजे किंवा कामावरची बंधने कमी झाली पाहिजेत. शिवाय औषधपाण्यावरचे अवलंबन घटले पाहिजे. दुखणे दहापैकी आठ होते ते सहावर आले, एवढ्याने भागत नाही.

पुढे हे निकष बदलत गेले, पण व्याख्येचा गाभा टिकला. म्हणूनच अभ्यासवर्गात चिकित्सकाला शिकावे लागते ते वेगळ्या तऱ्हेने विचारायला. ‘कुठे दुखते?’ एवढे विचारून थांबायचे नाही. किती मिनिटे सलग बसता येते? पायमोजे स्वतः घालता येतात का? किती किलोचे ओझे जमिनीवरून उचलता? रात्री किती वेळा जाग येते? पहिल्या दिवशी ही उत्तरे लिहून ठेवली आणि सहा उपचारांनंतर तेच प्रश्न पुन्हा विचारले, तर कागदावर लिहिता येते, ‘पूर्वी १० मिनिटे उभा राहू शकत होता, आता ४० मिनिटे राहतो. वेदनाशामक गोळ्या दिवसाला चारवरून एकवर आल्या. मालकाने पाच किलोपर्यंतच ओझे उचलू द्यावे असे बंधन होते, ते दहा किलोंवर नेता येईल.’ कामगार तोच, सुयाही त्याच. पण या नोंदीत तपासणाऱ्याला पडताळून पाहता येईल असे काहीतरी आहे.

दहा प्रश्नांचा कागद

यासाठी तयार प्रश्नावल्याही असतात. कंबरदुखीसाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री या गावाच्या नावाने ओळखली जाते. ती १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे दहा भाग आहेत. दुखण्याची तीव्रता, स्वतःची आवराआवर, ओझे उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, कामजीवन, लोकांत मिसळणे आणि प्रवास. प्रत्येक भागाला शून्य ते पाच गुण. बेरीज करून टक्केवारी काढली की माणूस दुखण्याने किती अडला आहे, याचा अंदाज येतो. भरायला पाच मिनिटेही लागत नाहीत. तरी हा कागद भरून घेण्याचा कंटाळा अनेक चिकित्सक करतात. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यांपैकी नव्हे, पण त्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्याने २०१९ पासून जखमी कामगारांच्या कंबरदुखीसाठी अॅक्युपंक्चरच्या दहा बैठकी मान्य केल्या. पण सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी मोजमापे हवीत, ही अट घालूनच.

दुखणे कंबरेत, भीती डोक्यात

शिक्षणाचा दुसरा मोठा विषय म्हणजे खुद्द वेदना. हाड मोडले, ते जुळले, तरी दुखणे राहते. असे का? तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्यात मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते, हे आता बऱ्यापैकी समजले आहे. जखम भरते, पण धोक्याची घंटा वाजतच राहते. त्यात भर पडते ती भीतीची. वाकलो तर पुन्हा काही मोडेल, कामावर गेलो तर कायमचा अंथरुणाला खिळेन, मालक काढून टाकेल, घरी हप्ते कसे भरायचे?

न्यूझीलंडमध्ये १९९७ मध्ये अशा खुणांची एक मार्गदर्शिका तयार झाली. तिने या मानसिक आणि कौटुंबिक खुणांना ‘पिवळे झेंडे’ असे नाव दिले. हालचालीची भीती, दीर्घ विश्रांतीवर विश्वास, उदासी, कामाच्या ठिकाणचे तंटे. हे झेंडे दिसले की नुसत्या सुयांवर विसंबायचे नसते. रुग्णाला धीर देऊन हळूहळू हालते करायचे असते. “तुमचा मणका सरकला आहे, जपून राहा” असे एक बेफिकीर वाक्य दहा बैठकींचे काम धुऊन टाकू शकते. सुईइतकेच जिभेलाही वळण लावावे लागते.

पिवळ्यांबरोबर ‘लाल झेंडे’ही ओळखावे लागतात. कंबर दुखतेच आहे, पण आता लघवी अडली, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पाय लुळे पडले, तर सुयांचे पाकीट बाजूला ठेवून रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठवायचे. खांद्याच्या वर किंवा छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते, हेही पुन्हा पुन्हा शिकवावे लागते. असे अपघात विरळा असतात. ब्रिटनमध्ये २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३४,४०७ उपचारांत एकही गंभीर दुष्परिणाम आढळला नाही. पण ते प्रशिक्षित हात होते, हे विसरून चालणार नाही.

गुण सुईचा की विश्वासाचा?

हा प्रश्न चिकित्सकांना आवडत नाही, पण चांगल्या शिक्षणात तो टाळता येत नाही. जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. नेमक्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना सहा महिन्यांनी गुण आला. मुद्दाम भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. आणि औषधे, व्यायाम असे नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी फक्त २७.४ टक्क्यांना! भक्तांनी पहिला आणि तिसरा आकडा सांगावा, टीकाकारांनी पहिला आणि दुसरा. २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतील २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा खऱ्या सुया खोट्यांपेक्षा सरस ठरल्या, पण फरक लहान होता. रुग्णाला हे दोन्ही सांगता येणारा चिकित्सकच शिकलेला म्हणायचा.

मग सरकारे यासाठी पैसे का मोजतात? कारण दुसऱ्या बाजूला अफूच्या जातीची वेदनाशामक औषधे आहेत. त्यांच्या व्यसनाने अमेरिकेत घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली. २०१७ मध्ये तेथील नामांकित वैद्यक संघटनेने कंबरदुखीवर आधी औषधाविना उपचार करून पाहा असे सुचवले आणि त्यांत अॅक्युपंक्चरचे नाव घातले. जानेवारी २०२० पासून वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्यात जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ बैठकी मिळू लागल्या. सुधारणा दिसली तर आणखी ८, नाहीतर तिथेच थांबायचे. येथेही पुन्हा तीच नोंद आडवी येते.

आपल्याकडे

भारतात ही विद्या येण्यामागे महाराष्ट्राच्या परिचयाची एक कथा आहे. १९३८ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातच कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी कलकत्त्यात उपचार सुरू केले. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये या पद्धतीसाठी कायदा केला, महाराष्ट्रानेही २०१५ चा कायदा करून नोंदणीची व्यवस्था केली आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने या पद्धतीला स्वतंत्र मान्यता दिली.

तेव्हा कंबर किंवा गुडघा घेऊन एखाद्या दवाखान्याची पायरी चढायची झालीच, तर आधी नोंदणी क्रमांक विचारावा. सुयांचे पाकीट आपल्या समोर फोडले जाते का आणि वापरलेली सुई टाकून दिली जाते का, ते पाहावे. आणि पहिल्या भेटीत त्यांनी ‘कुठे दुखते’ याच्यापुढे जाऊन ‘कोणते काम अडते’ हे विचारून लिहून घेतले की नाही, याकडेही लक्ष असू द्यावे. पाच-सहा वेळा जाऊनही ते काम अडलेलेच राहिले, तर पुढच्या बैठकीचे पैसे भरण्यापूर्वी तसे स्पष्ट बोलावे.