जुन्या लिनक्सचा दप्तरखाना

लिनक्स ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. पण तिच्या प्रत्येक आवृत्तीला ठरावीक आयुष्य असते, याची जाणीव बहुधा ते संपल्यावरच होते. उबुंटू ह्या लोकप्रिय लिनक्सचेच पाहा. तिची नवी आवृत्ती एप्रिल व ऑक्टोबरात निघते. साल व महिना हाच तिचा क्रमांक. साधी आवृत्ती 9 महिने सांभाळली जाते. एप्रिल 2023 ची 23.04 अशीच जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाली.

मग होते काय? लिनक्सवर नवी आज्ञावली येते ती एका मध्यवर्ती भांडारातून. मुदत संपलेल्या आवृत्तीची सामग्री काही काळाने तेथून हलवितात. संगणक मात्र जुन्याच दारी जातो आणि ‘404’, म्हणजे ‘सापडत नाही’, एवढेच उत्तर घेऊन परततो. (‘फुकटची वस्तू, बिघडणारच!’ असे म्हणून मोकळे होणारे येथे भेटतात.) वस्तुतः काहीच नष्ट झालेले नसते. जुना माल उबुंटूच्या ‘ओल्ड-रिलीजेस’, डेबियनच्या ‘आर्काइव्ह’ किंवा सेंटओएसच्या ‘व्हॉल्ट’ या भांडारात जपलेला असतो. गंमत अशी, की उबुंटूत ‘आर्काइव्ह’ हे चालू भांडाराचे नाव आहे!

23.04 च्या ‘सोर्सेस डॉट लिस्ट’ या फाइलीतील पत्त्यांत ‘आर्काइव्ह’ व ‘सिक्युरिटी’ या दोन्ही शब्दांच्या जागी ‘ओल्ड-रिलीजेस’ लिहावे. भारतात बसविलेल्या उबुंटूत ‘आर्काइव्ह’च्या आधी बहुधा ‘इन’ ही देशखूण असते, तीही काढावी. मग यादी ताजी केली, की भांडार पुन्हा उघडते. मालावरील डिजिटल स्वाक्षरीची तपासणी मात्र घाईने बंद करू नये; वाटेत कोणी भेसळ केली नाही, याची तेवढीच खात्री असते.

तरीही हा दप्तरखाना आहे, दवाखाना नव्हे. निवृत्तीनंतर सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटींवर येथे औषध मिळत नाही, आणि त्या त्रुटी तर जगजाहीर असतात. अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे माझ्या मते शुद्ध अविचार होय. एखाद्या संशोधकाची जुनी आज्ञावली त्याच आवृत्तीवर चालत असेल, तर यंत्र जुन्या भांडारातून सज्ज करून जाळ्यापासून तोडावे. इतरांनी या भांडाराचा उपयोग पुलासारखा करावा: आधी 23.04 मधील उरलेल्या दुरुस्त्या घ्याव्यात, मग 23.10 वर जावे आणि तेथून 24.04 गाठावी. ही दीर्घ मुदतीची आवृत्ती 5 वर्षे सांभाळली जाते. निघण्यापूर्वी आपल्या लेखनाची प्रत वेगळी काढून ठेवावी.